पीलबाग

सावद्याचा सुपडू कडू तायडे, वय चोपन्न,
काचपट्टीवर माझ्याकडे आला नखाएवढा,
मेणातून कापलेला,
कांद्याच्या पापुद्र्याहून विरळ.
सोबत चिठ्ठी: उजव्या बाजूची गाठ, पूर्ण काढलेली, साडेसहा सेंटिमीटर.
कावीळ ब, जुनी.
कधी झाली, त्याला माहीत नाही.

आधी गुलाबी-जांभळ्यात सगळं ओळखीचं.
यकृताच्याच पेशी, धिप्पाड,
फक्त रांग मोडून बसलेल्या.
मग तपकिरी रंग चढवला
आणि त्यांच्यामधूनच एक वेगळी वस्ती वर आली,
बारीक, अंग चोरलेली,
जिनं अजून ठरवलंच नव्हतं
यकृत व्हायचं की पित्ताची नळी.

शिकत होते तेव्हा मला त्या आवडायच्या.
यकृत वर्षानुवर्षं सुजतं, वळ उठत जातात,
कामाच्या पेशींना दम उरत नाही,
तेव्हा पित्ताचा पहिला पाट जिथून निघतो
त्या कोपऱ्यातून या उठतात. दुरुस्तीला.
वहीत मी त्यांच्याभोवती हिरव्या शाईनं गोल काढला होता.
गाठीतसुद्धा त्यांचीच खूण सापडते
हे पुढच्या पानावर होतं.

शंभरात पाचाच्या वर रंगल्या तर लिहायचं.
मी मोजल्या.
दुसऱ्यांदा सावकाश मोजल्या,
जणू सावकाश मोजलं की कमी भरतील.
एकतीस.

अहवालात वाईट हा शब्द नसतो.
सीके-एकोणीस: धन.
धन!
बाकीचं सगळं कागदाच्या कोऱ्या बाजूला.

तो स्वतःच आला, जळगावच्या उन्हात, एसटीनं,
टाके सुकलेले, शर्ट पोटावर सैल.
बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग,
दवाखान्यातल्या साबणालाही न गेलेले.
"मले सांगा बरं, डाक्टरीनबाई. पोरगं काही सांगत नाही."

मी सांगायला लागले. लहान पेशी म्हणाले. मूळच्या म्हणाले.
परत उगवू शकतं, म्हणाले,
आणि उगवू शकतं हा शब्द
बोलल्यावर मला ऐकू आला.

"म्हंजे पिलं," तो म्हणाला.
"तीस वर्षं लोकांच्या बागात तेच केलं मी.
तलवारीसारखं निमुळतं एक राखायचं,
बाकीची विळ्यानं बुडाशी छाटायची,
नाहीतर घड भरत नाही.
पन कंदात डोळा राह्यतोच, बाई.
वरून कितीबी कापा."

मी काही बोलले नाही.
बाहेर रफिक काचपट्ट्या पुसत होता, टक टक.

मग त्यानंच विषय बदलला, किंवा नाही बदलला:
"माह्या आधीचे तिघं गेले.
मले जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं,
मावशीनं मूठभर ज्वारी देऊन इकत घेतलं.
यमाले वाटलं, टाकेल पोरगं, काय करायचं याचं.
चोपन्न वर्षं फसला ना गडी!"
हसताना त्यानं उजवी बरगडी हातानं धरली.

दर तीन महिन्यांनी रक्त, सोनोग्राफी.
तारीख मी एसटीच्या तिकिटामागे लिहून दिली,
त्यानं ती वाचली नाही, घडी घातली, टोपीत ठेवली.

जाताना टेबलावर कच्च्या केळ्यांची एक फणी.
रफिकनं ती मेणाच्या भट्टीजवळ ठेवली.
ऊब लागलेली बाजू दोन दिवसांत पिवळी झाली,
पलीकडची हिरवीच.
गुरुवारी आम्ही पिवळी खाल्ली.
हिरवी तशीच आहेत अजून,
आणि त्याची पट्टी खोक्यात, उभी,
दोन अनोळखी नावांच्या मध्ये.