आतली बाजू

पास्कू लोबो बोटीवरून घरी आला तेव्हा
बॅगेत चॉकलेटं होती, बायकोला स्वेटर,
आणि तात्यांसाठी एक फोटो:
कावळ्याचं डोकं, हातभर चोचीचं,
लाल देवदाराचं.
काळ्यावर लाल, लालाच्या कडेला थोडा पांढरा,
रंग कुठे थांबवायचा ते ठाऊक असलेल्या हाताचा.
‘क्वाक्वाकावाक्व,’ पास्कू म्हणाला,
तिसऱ्या खेपेला जमलं.
‘थंडीत डोक्यार घालून नाचतत. दोरी ओढली
काय चोच उघडता, सोडली काय टाक करून मिटता.’

सावंतवाडीत, चितार आळीत, दुपार.
लाखेचा वास, पांगाऱ्याचा भुसा,
फळीवर लाकडी केळी
ज्यांवर माशीसुद्धा बसत नाही.
तात्यांनी फोटो उजेडात धरला.
मग उलटा केला.
मागे दुकानाचा शिक्का आणि किंमत.
‘आतसून कसो आसा?’

पास्कू हसला.
‘काचेत होतो तो. माका मागे कोण सोडतलो?’

त्या वर्षी तात्या दशावताराच्या गणपतीचं तोंड करत होते.
जुनं वाळवीने कानापासून खाल्लेलं.
बाहेरचं काम आठ दिवसांत झालं,
आतलं संपेना.
बाळू आरोंदेकराचं नाक डावीकडे मोडलेलं,
पोरपणी, होडीच्या कप्पीने.
तेवढी डावीकडे खोल वाट.
भुवईपाशी बोटभर जागा, घामाला.
मग काचकागद, मग स्वतःचा गाल आत घालून
डोळे मिटून तपासायचं.
हाताला लाख लागलेली मी विचारायची,
कोण बघणार आहे ते?
‘जो आत आसा तो.’
आतल्या बाजूला त्यांनी रंग कधी दिला नाही.

जत्रेच्या रात्री लोकांनी हात जोडले,
बाळूला नव्हे.
सोंडेमागे त्याचा श्वास चालू होता
आणि रिद्धी-सिद्धी नाचत होत्या,
एकीच्या मनगटावर पुरुषी घड्याळाचा पट्टा राहिलेला.

पुढच्या चैत्रात पास्कूचा आवाज आला मोबाइलवर,
वाऱ्याने अर्धा खाल्लेला.
‘तात्यांक सांग, त्या बेटार गेलंय.
एक म्हातारी होती. तिच्या आज्याचे मुखवटे
सरकारान उचलून नेल्ले, मगे थोडे परत दिले.
तिणा दोन हातांनी उचलून उलटो करून दाखवल्यान.
दोरयेची गाठ हा. जुन्या फडक्याची गादी हा,
खयच्यातरी शर्टाची. फडक्यार डाग. घामाचो.
फोटो नको म्हणाली.
मी काढूक नाय.’

तात्यांनी दोनदा ऐकलं.
पटाशी खाली ठेवली.
‘इचार त्याका,
डाग कपाळार होतो, काय गालार?’

मी फोन लावला, पुन्हा लावला.
पास्कू तोवर रेंजच्या बाहेर,
मधल्या समुद्रात.