सीझन शून्य

नोव्हेंबर सरता सरता वार्डोतून सूर्य गेला
आणि त्याच आठवड्यात मी तो डबा आणला.
पावाच्या लादीएवढा, काळा, पोटात दोन डिस्क.
ठेवला बुटांच्या फळीवर, कारण राउटर तिथंच,
बाबांचे लोकरीचे मोजेही तिथंच वाळतात.

बाबा म्हणजे ओडवार. तीस वर्षं ट्रॉलरचं इंजिन.
त्यांनी डब्यावर तळहात ठेवला, थरथर ऐकली,
म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे."
आणि चहा घ्यायला गेले.

मला सगळं आपोआप व्हायला हवं होतं.
छतावरच्या अँटेनानं पकडावं, डब्यानं साठवावं,
नाव द्यावं, रांगेत लावावं,
पाहून झालेलं पंधरा दिवसांनी पुसून टाकावं.
मी कारखान्यात कॉड सोलत असताना
घरी कुणीतरी वेळेवर असावं.

तीन रात्री परवानग्यांत गेल्या.
फोल्डर मी केलेला, पासवर्ड मी ठेवलेला,
तरी तो म्हणे, तुम्हाला इथे लिहिता येणार नाही.

चौथ्या रात्री जमलं.
गुरांच्या डॉक्टरणीची मालिका, सीझन चार, भाग सात,
पोस्टरसकट, एकाखाली एक.
बाबांनी रिमोट वर-खाली केला, ठेवून दिला.
"ते वासरू उलटं आलेलं कुठाय?
आणि तो, ज्यात तिचा बूट बर्फात रुततो?"
आकड्यानं त्यांनी एकही भाग पाहिलेला नव्हता.

मग बसले मी. एकेक भाग उघडून
त्यांच्या तोंडची नावं हातानं घातली,
प्रत्येकाला छोटं कुलूप लावलं,
नाहीतर पहाटे डबा पुन्हा आपलंच खरं करतो.

आईच्या व्हिडिओ कॅसेट भरल्या तेव्हा तर कमालच.
'धक्क्यावर, गुडवाइग, चाळिसावा वाढदिवस':
डब्यानं दुनिया धुंडाळली
आणि तिला एका डॅनिश पाककृतींच्या मालिकेत घातलं.
आईच्या जागी उंच टोपीतला हसरा आचारी!
बाबा हसले, खोकला येईपर्यंत हसले.
मी ते चित्र काढायला गेले तर हात धरला.
"राहू दे. तिला स्वयंपाक येतो
असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हणतंय."

ज्यांना कुठलाच सीझन नाही
त्यांच्यासाठी डब्यात एक जागा असते, शून्य.
तिथं ठेवलं ते. पुसण्याच्या नियमावरची खूण
तेवढ्यापुरती काढली.

रात्री तीनला डिस्क फिरू लागतात.
बाबा तर जागेच असतात.
मधल्या खोलीत निळा उजेड पडतो,
आचाऱ्यावर बोट, आणि आई धक्क्यावरून येते,
हातात हेरिंगची बादली,
कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते.
वारा फार आहे, ऐकू येत नाही.
ते मागे घेतात. पुन्हा लावतात.
खाली एक ओळ उमटते:
उपशीर्षकं सापडली नाहीत.