सत्तेचाळीस नंबर

समुपदेशनाच्या बाई दर सोमवारी कागद वाटतात.
पाच चेहरे. आज तुझा कुठला?
तिमूर हसऱ्यावर खूण करतो,
पट्टी लावून काढल्यासारखी.

मी खोल्या आवरते.
सत्तेचाळीस नंबरचा अभ्रा रोज ओला,
एकाच बाजूनं.
पाचगणीचं धुकं खिडकीतनं येतं खरं,
पण ते सगळ्याच उशा भिजवतं.

बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता संध्याकाळी तो येतो, इस्त्रीपाशी.
दोन टोकं मी धरते, दोन तो.
काल खूप वेळ बोलला, त्याच्याच भाषेत.
मी हं, हं म्हणत राहिले,
बरोबर जागी म्हटलं असेल, काय माहीत.

आज सकाळी हात लावून बघितला अभ्रा.
तळहाताएवढाच ओला.