अनुभवाचा रकाना

फॉर्मच्या चौथ्या पानावर विचारलंय,
आजवर कोणत्या प्रकल्पांचं नेतृत्व केलंत?
उद्दिष्ट, कालावधी, तुमची भूमिका.
पाचशे अक्षरांच्या आत.

रात्रीचे पावणेदोन. आज पाचवा दिवस,
पाणी येणार, पण कधी ते चावीवाल्यालाच ठाऊक.
नळाखाली रिकामी स्टीलची घागर ठेवलीय,
पहिला थेंब वाजला की ऐकू यावं म्हणून.
तोवर मी आणि हा उशीएवढा ग्रंथ,
जोखीम व्यवस्थापन, पान तीनशे बारा.

भूमिका.
पगारपत्रकावर मी लिपिक.
शेठ म्हणायचे, अगं ए, जरा तेवढं बघ ना.
तर तेवढं म्हणजे किती, ते लिहिते.

साखर पेठेतल्या गाळ्यातून अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
अठ्ठेचाळीस माग हलवायचे,
आणि चादरींची ऑर्डर एक दिवसही थांबवायची नाही.
धाकट्याच्या चित्रकलेच्या वहीत मी आडव्या रेघा मारल्या,
कुठला माग कुठल्या दिवशी सुटणार.
बीमवरचा ताणा संपल्याशिवाय मागाला हात लावायचा नाही,
नाहीतर अडीच हजार धागे पुन्हा सांधायचे
आणि सांधणीवाला तर गावाला गेलेला.
त्या रेघांना क्रिटिकल पाथ म्हणतात
हे मला परवा कळलं. सात वर्षांनी.

शांती चौकात ट्रकचा टायर फुटला, ते धरलेलं होतं.
लाइट गेली, तेही धरलेलं.
नारळी पौर्णिमेला मात्र कामावर कुणीच आलं नाही,
सगळे मार्कंडेयाच्या रथाला.
पुस्तक विचारतं, ही जोखीम ओळखता आली असती का?
अहो, मी स्वतः पद्मशाली.
माझ्या घरात त्या सकाळी पुरणाचा वास होता
आणि मी उंबऱ्यात उभी राहून फोनवर विचारत होते,
क्रेनवाला अजून का नाही आला?

अडतीस अक्षरं झाली. पुसली.

सरावाच्या प्रश्नात सगळे हळू बोलतात.
भागधारक नाराज असेल तर आधी त्याची भेट घ्या, हे बरोबर उत्तर.
शेठ नाराज असले की टेबलावर चहाचा कप उलटा करत.
मी फडकं घ्यायचे. हा पर्याय अ, ब, क, ड मध्ये नाही.
मला छप्पन टक्के पडले.

पुढचा रकाना: हे काम तुम्ही केलं, हे कोण सांगेल?
नाव, हुद्दा, ईमेल.

राजलिंगम मिस्त्री सांगेल.
शेडच्या कोऱ्या फरशीवर मी खडूनं आकडे घालत पुढे,
तो पहारीनं माग सरकवत मागे,
अक्का, इदि एक्कड?
एकतीस, मी म्हणायचे, खिडकीकडे तोंड.
ते आकडे मागांखाली गेले. असतील अजून, तेलात.
राजलिंगमकडे बटणांचा फोन आहे.

शेठ गेले.
त्यांचा चंद्रहास पुण्याला असतो, त्याला ईमेल आहे,
आणि त्याच्या प्रोफाइलवर तिसऱ्या ओळीत लिहिलंय,
कारखान्याचं संपूर्ण स्थलांतर, नेतृत्व.
त्या महिन्यात तो बारावीच्या क्लासला होता.
एकदा सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला होता, हे खरं.

आता मी त्यालाच लिहायचं
की बाबा रे, सांग त्यांना, मी होते.

हो, लिहीन.
फीचे डॉलर भरण्यासाठी पाटल्या मोडल्यात मी,
एवढ्यासाठी मागे फिरणार नाही.
फक्त सुरुवात कशी करायची, प्रिय की आदरणीय,
की नुसतंच, चंद्रहास, पौर्णिमा आठवते का?

घागरीत टण्ण झालं.

उठले, पाइप जोडला. दोन घागरी भरल्या नाहीत तोवर
शेजारच्या गुर्रमांनी मोटर लावली
आणि आमची धार करंगळीएवढी झाली.
भिंतीवर थाप मारली. पुन्हा मारली.
तिकडून खिडकी उघडली, काय वहिनी?

आधी भेट घ्या, बसून बोला.
अहो गुर्रम, मी ओरडले, मोटर बंद करा!