ताठ गुडघे

शनिवारी खेळ संपला की मी आधी जोडे गोळा करते.
डावेच जास्त. का, ते आजवर कळलेलं नाही.
मग संत्र्याच्या साली, एकदा अख्खा कांदा,
आणि मग तो,
पडद्याच्या बुडाशी उताणा पडलेला बाल्दुक्को,
ज्यानं आत्ताच सोन्याच्या सात थैल्यांसाठी
किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून दिला.

राजपुत्राचं काम माझ्याकडे कधी येत नाही.
त्याचे गाल माझ्या जन्माआधी रंगवलेले,
तडे गेलेत, पण त्याला इतक्या जवळून
बघतंय कोण?
बाल्दुक्कोचे डोळे काचेचे, तिसऱ्यांदा बसवलेले,
मान अक्रोडाची, नवी कोरी,
भुवई तर दर आठवड्याला थोडी वेगळी उमटते.
अख्ख्या आचिरेआले गावात
एवढे लाड नवरदेवाचेही होत नसतील.

कालोजेरो मासेवाला लंगडत येतो, एका पायात मोजा.
जोडा घेतो. जात नाही.
"जरा धरू का?"
खवल्यांचे हात पँटला पुसून लोखंडी सळई उचलतो
आणि दरवाजापाशी बाल्दुक्को जे बोलतो
ते सगळं म्हणून दाखवतो,
श्वास घ्यायच्या जागांसकट.
राजपुत्राचं एक वाक्य सांग म्हटलं
तर डोकं खाजवतो.
"तो काय, बरोबरच बोलतो नेहमी."

एकदा मालक तापानं पडले.
त्यांचा तानिनो शिकलेला, मन हळवं.
त्यानं बाल्दुक्कोला दरवाजापाशी रडवलं,
थैल्या परत करवल्या, गुडघे टेकवले.
(आमच्याकडच्या बाहुल्यांचे गुडघे वाकत नाहीत.
बिजागऱ्या मीच बसवल्या, दुपारभर खपून.)

कुणी शिवी दिली नाही.
कुणी वाकून नाडी सोडली नाही.
दोन्ही पायांत जोडे घालून माणसं
मयतीहून परतावीत तशी
उतारावरून घरी गेली.

कालोजेरो तेवढा बाकावर बसून राहिला.
"सत्त्याहत्तर साली," म्हणाला,
"बर्फाच्या गोदामाची किल्ली माझ्याकडे होती."
पुढचं मी विचारलं नाही.
दिवे मात्र जरा उशिरा मालवले.

रविवारी बिजागऱ्या उपटल्या, भोकं लाखेनं बुजवली.
भुवई रंगवताना एक टोक किंचित वर नेलं,
कोणी यायचंय हे ठाऊक असल्यासारखं.

पुढच्या शनिवारी दरवाजा करकरला,
आणि पहिला जोडा आला तो वासावरूनच ओळखला.
डावा.