तापस

पाणकणसात तो उभा आहे, असं पुंजाहरी म्हणतो.
मला नुसतं पाणकणीस दिसतं.

चापडगावच्या थडीवर श्रावणातली सकाळ,
दुर्बीण माझ्या गळ्यात, नजर मात्र त्याची.
वारा येतो. सगळी पाती डावीकडं झुकतात,
त्यातलं एक जरा उशिरा.
‘ते. ते उशिराचं.’
चोच आभाळाला लावलेली,
गळ्यावरच्या पट्ट्या देठांत मिसळलेल्या,
आणि दोन पिवळे डोळे चोचीखालून
आमच्याकडंच.

याला तापस म्हणणाऱ्यानं
घरटं पाहिलं नसणार.
गुडघाभर पाण्यावर पाती वाकवून केलेली
ओबडधोबड चटई,
तिच्यावर पाच अंडी,
शेवाळ चढलेल्या चुन्याच्या रंगाची.
एक उठतो, दुसरी बसते.
कोण नर, कोण मादी,
पुंजाहरी सांगतो आणि मी मान डोलावतो.

संध्याकाळी जेवणाची वेळ.
एक पाय या देठावर, एक त्या,
मधे पाणी, आणि पाण्यावर ओणवलेला
मूठभर जीव.
किती वेळ? माझी तंबाखू संपते.
मग अचानक मान सुटते
(एवढी मान होती कुठं?)
आणि चोचीत मुरी वळवळते.
पाण्याला कळतसुद्धा नाही.

पिल्लं निघाली तेव्हा मी नाशकात, कचेरीत.
पुंजाहरीचा फोन : ‘या, पण रंगीत सदरा नको.’
तीन होती. पिंजलेल्या कापसाची, काट्यासारख्या केसांची.
बापाची चोच आडवी धरून
खाली ओढत होती, जशी विहिरीची दोरी,
आणि ज्याच्या पोटातलं कधी ओठावर येत नाही
तो घशातून सगळं काढून देत होता,
अर्धे बेडूक, चतुरांचे पंख.

त्याच रात्री दारणेचं पाणी सुटलं.

सकाळी पुंजाहरी एकटाच आत गेला, छातीभर पाण्यातून.
परतला तेव्हा अंगाला जळवा,
हातात काही नाही.
मी विचारलं नाही. त्यानं चिलीम पेटवली,
वनखात्याची वही पुढं ओढली,
‘तापस’च्या रकान्यात आकडा लिहिला,
ठिकाणाचा रकाना तसाच सोडला.

‘किती?’
‘वाऱ्याला विचारा,’ म्हणाला,
आणि वही मिटली.