किती द्याल?

प्लोवदिवच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
जिन्याच्या उघड्या खिडकीशी,
मनाईच्या पाटीखालीच सगळे ओढत उभे असतात.
तिथे मी फळीला कागद लावून विचारत होते:
सिगारेट सुटावी म्हणून मदत मिळाली,
म्हणजे गोळ्या, दंडावर लावायच्या पट्ट्या,
आठवड्यातून एकदा बोलायला एक माणूस,
तर महिन्याला किती द्याल?
पन्नास लेव? वीस? पाच?

स्तोइचो ट्रक चालवतो. म्हणाला, दमडीसुद्धा नाही.
मनात आणलं तर उद्या सोडीन.
मनात तो एकोणीस वर्षं आणतोय,
हे मी न विचारताच त्याने सांगितलं.
मी शून्य लिहिलं.
शून्य का, यासाठी पुढे चौकोन होता,
नखाएवढा.

एक तरुण दहा म्हणाला, हातचं राखून.
तेवढ्यात समोरचं दार उघडलं, बायको बाहेर आली,
पोटावर पुसायचा राहिलेला ओला जेल,
हातात धुरकट फोटो.
ऐंशी लिहा, तो म्हणाला.
आधीचं खोडू का?
नको, म्हणाला, दोन्ही राहू द्या.

नेद्यालका बाईंनी चाळीस वर्षं गोदामात
तंबाखूची पानं निवडली.
बोटं अजून पिवळी, ओढून नव्हे, निवडून;
ओढायला लागल्या त्या नंतर.
तेव्हा मला पैसे मिळायचे, म्हणाल्या,
आता मी द्यायचे?
आणि मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत:
ओढणं सुटेल गं. ओढीचं काय करायचं?
त्याला रकानाच नव्हता.

वय, शिक्षण, पगार, दिवसाला किती,
याआधी किती वेळा सोडली,
घरात आणखी कोण ओढतं,
हे सगळं मी भरलं.
एक गोष्ट मात्र कुठेच भरता आली नाही:
मंगळवारी लिफ्ट बंद होती.
जे जिने चढून, कठड्याला धरून वर आले,
त्यांचे आकडे मोठे होते.
बुधवारी लिफ्ट सुरू झाली
आणि भाव उतरला.

संध्याकाळी ऑफिसात सरासरी निघाली: सतरा.
साहेब खूश झाले. सतरा म्हणजे बरंच, म्हणाले.

पण मंगळवारचा तो शेवटचा माणूस,
नाव सांगायला त्याला दोनदा थांबावं लागलं, ग्रोझ्दान,
रुमाल मुठीत घट्ट, उघडून दाखवला नाही.
किती द्याल, मी विचारलं.
त्याने आकडा सांगितलाच नाही,
पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं.
घ्या.

अहो, आम्ही विकत नाही, मी म्हणाले,
आम्ही फक्त विचारतो.

तो तसाच धरून उभा.
अकरा लेव होते, आणि बसचं एक वापरलेलं तिकीट.
मी मोजले.
मोजायला नको होते.